प्रात्यक्षिकाला गैरहजर

मी हजर होते. हे एवढंसं वाक्य मी त्या वर्षात इतक्या टेबलांपुढे उभं राहून म्हटलं, की शेवटी शेवटी ते म्हणताना मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. बी.एस्सी.च्या पाचव्या सेमिस्टरचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. सकाळपासून दुपारपर्यंत मी प्रयोगशाळेत उभी होते, ब्युरेटचं रीडिंग तीनदा घेतलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या तोंडी प्रश्नांची उत्तरं दिली आणि नायट्रिक ऍसिडचा पिवळा डाग बोटावर घेऊन घरी आले. तो डाग कितीतरी दिवस गेला नाही. निकाल लागला तेव्हा त्या प्रात्यक्षिकापुढे 'गैरहजर' असं आलं होतं.

कॉलेज कोणतं ते मी सांगणार नाही. गोंदिया वेगळा झाल्यावर जो भंडारा जिल्हा उरला, त्यातही अशी कॉलेजं पुष्कळ आहेत. शिवाय कुणाचंही नाव घ्यायची मला आता धास्तीच बसली आहे.

आमच्याकडे हिवाळी परीक्षेची प्रात्यक्षिकं आणि धानाची कापणी एकाच वेळी येतात. वेळापत्रक करणाऱ्यांना धान ताटात वाढल्यावरच दिसत असावं, तेव्हा त्यांना काय बोलणार? कॉलेजने त्यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. विभागप्रमुख सर दर वर्षी वर्गात येऊन सांगायचे, "ज्यांच्या घरी कापणी आहे त्यांनी बॅच बदलून घ्या. लॅबमधल्या काकांजवळ नाव देऊन ठेवा, ऐन वेळेवर माझं डोकं खाऊ नका."

हे काका म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. ठेक्यावर होते, पण आमच्या सरांच्याही आधीपासून. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं होतं. पुनर्वसनाच्या गावातून रोज सायकल मारत यायचे. कोणतं रसायन कोणत्या बाटलीत आहे आणि कोणत्या बाटलीवरची चिठ्ठी खोटी आहे, हे त्या विभागात फक्त त्यांना ठाऊक होतं. पहिल्या बॅचची मुलगी तिसऱ्या बॅचला आली, की त्या बॅचच्या हजेरीपत्रकाच्या तळाशी काका तिचा सीट नंबर हाताने लिहायचे, ती सही करायची आणि परीक्षक तिथेच तिचे गुण भरायचे. जोवर गुण कागदावर विद्यापीठात जात होते, तोवर यात कधी काही बिघडलं नाही.

माझी बॅच पहिल्या दिवशी होती. आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. आमच्या बांध्यांत, म्हणजे शेतात, कापलेल्या धानाचा कडपा पसरून पडला होता, आणि कडप्यावर पाणी पडलं की दाण्याला पडल्या जागी कोंब फुटतो. अशा वेळी घरात हात असलेला प्रत्येक माणूस भारे बांधायला लागतो. बाबा ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचं काम करायचे, त्यांना सुटी नव्हती. उरलो आई आणि मी. मी काकांना फोन केला.

"परवाच्या दिवशी तिसऱ्या बॅचले ये," ते म्हणाले. "नाव टाकून ठेवतो. आन् रेकॉर्ड बुक विसरू नोको, मांगच्या खेपेले विसरली होतीस."

पाऊस काही आला नाही. आभाळ दोन दिवस नुसतं धमकी देऊन निघून गेलं. मी तिसऱ्या बॅचला परीक्षा दिली आणि तळाशी सही केली.

पण त्या वर्षापासून गुण पोर्टलवर भरायचे होते. ज्या बॅचच्या यादीत जो सीट नंबर, तोच ते पोर्टल घ्यायचं. पहिल्या बॅचमध्ये मी गैरहजर म्हणून लागून गेले होते आणि तिसऱ्या बॅचमध्ये माझा नंबर शिरत नव्हता. कार्यालयातल्या बाबूंनी म्हणे दोनदा टाकून पाहिला, मग जेवायला गेले. जेवून आल्यावर त्यांना तो आठवला नाही. आणखी दोघांचं असंच झालं होतं, पण त्यांनी पुढच्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा द्यायचं ठरवलं आणि मोकळे झाले. त्यांना घाई नव्हती. मला एम.एस्सी.ला जायचं होतं. सगळे सेमिस्टर पास असल्याशिवाय प्रवेश नाही, आणि पाचव्या सेमिस्टरचं प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं. म्हणजे एक वर्ष घरी. आमच्या घरात मुलगी एक वर्ष घरी बसली की त्या वर्षात तिचं काय होतं, हे मी दोन चुलतबहिणींच्या लग्नांत पंगतीला वाढताना पाहिलं होतं.

आधी विभागप्रमुख सर म्हणाले, "होऊन जाईल गं. पोर्टल उघडलं की टाकू." पोर्टल कधी उघडतं हे बाबूंना विचारलं तर ते म्हणाले, विद्यापीठाला विचारा. विद्यापीठात परीक्षा विभागाच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजचं पत्र नेलं तर म्हणाल्या, प्राचार्यांची सही आहे पण विभागप्रमुखांचा खुलासा जोडलेला नाही. खुलासा मागायला गेले तर सर पहिल्यांदा माझ्याकडे नीट न बघता बोलले, "खुलासा काय देऊ? तू तुझ्या बॅचला नव्हतीस, हे तर खरं आहे ना?"

त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला तो आजही उतरलेला नाही. हा माणूस दर वर्षी फळ्यापुढे उभा राहून बॅच बदलून घ्या सांगायचा, आणि आता आपण असं कधी काही बोललोच नाही अशा चेहऱ्याने कप विसळत होता.

बाबांचा मात्र कागदावर फार विश्वास. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एक शिस्त होती: गाऱ्हाणं सांगत हिंडायचं नाही, हातापाया पडायचं नाही, अर्ज करायचा. बाबांची ग्रामपंचायतीतली नोकरी अर्ज करकरूनच कायम झाली होती. प्रत्येक अर्जाची पोच त्यांनी एका कापडी पिशवीत जपून ठेवली होती. ते मला म्हणाले, "तोंडानं कायले भांडतं? तोंडचं बोलणं ते नाकबूल करतीन. जे झालं ते सारं लिहून दे. काई लपवू नोको. आपलं खरं आहे तं भ्यायचं काहून?"

मी लिहून दिलं. कॉलेजच्या तक्रार निवारण समितीपुढे माझा अर्ज गेला. समितीत विभागप्रमुख सर स्वतः होते. त्यांच्या लेखी उत्तरात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे: बॅच बदलण्याची कोणतीही पद्धत विभागात अस्तित्वात नाही. समितीने माझी तक्रार निकाली काढली. निकाली काढणं हा शब्दप्रयोग ज्याने शोधला, त्याला कधी तक्रार करावी लागली नसणार.

मग बाबांनीच कुठून तरी ऐकून आणलं, की विद्यापीठात आता विद्यार्थ्यांसाठी लोकपाल नेमले आहेत. कॉलेजने ऐकलं नाही तर त्यांच्याकडे जाता येतं, आणि ते विद्यापीठाचं काही लागत नाहीत. स्वतंत्र आहेत. हा शब्द बाबा दोन-तीन वेळा बोलले. मी म्हटलं, पुरावा काय देऊ? माझी सही असलेलं हजेरीपत्रक विभागाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांकडे.

चार-पाच दिवसांनी मी सहाव्या सेमिस्टरचं हॉल तिकीट घ्यायला कॉलेजात गेले, तेव्हा काकांनी मला सायकल स्टँडजवळ थांबवलं. खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. तिसऱ्या बॅचचं हजेरीपत्रक होतं. तळाशी त्यांच्या अक्षरात माझा सीट नंबर, माझी सही, पुढे परीक्षकांनी भरलेले गुण आणि त्यांचीही सही.

"सरांनं कपाट लावाले सांगतलं होतं," ते म्हणाले. "तवा काढून घेतली. हे लाव अर्जाले."

"काका, तुमचं नाव येईल यात."

"येऊ दे. मी का चोरी केली का? तू परीक्षा दिली, मी पाह्यली. विचारलं तं सांगजो का मी देल्ली म्हणून."

त्यांनी असं सांगितलं होतं. मी स्वतःला हे आजवर शेकडो वेळा बजावलं आहे. पण ठेक्यावरच्या माणसाने विभागाच्या कपाटातला कागद बाहेर दिला तर त्याचं काय होतं, हे त्यांना कळत नसेलही. मला कळत होतं. मी विद्यापीठाच्या खिडक्यांपुढे कितीतरी दिवस काढले होते. तरी मी ती झेरॉक्स घेतली आणि आभार मानून निघून आले.

लोकपालांच्या अर्जात मी सगळं लिहिलं. बाबांनी शेजारी बसून वाचून घेतलं. कापणी, कडपा, फोन, तिसरी बॅच, तळाची सही. झेरॉक्स जोडली. फक्त ती कुणी दिली, हे लिहिलं नाही. बाबांनी विचारलं, "हे काहून सोडलं?" मी म्हटलं, विचारलं तर सांगू.

सुनावणी उन्हाळ्याच्या शेवटी झाली. लोकपालांची खोली विद्यापीठाच्याच इमारतीत होती, परीक्षा विभागाच्या बरोबर वर. त्यांना चहा आणून देणारा शिपाई विद्यापीठाचा, आदेश टाइप करणारी बाई विद्यापीठाची, आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा आमचे विभागप्रमुख सर त्या बाईंना त्यांच्या मुलीचं बारावीचं काय झालं ते विचारत होते. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पिशवीतले कागद क्रमाने लावत होते.

खोटं कशाला बोलू, लोकपाल वाईट नव्हते. निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांनी माझा अर्ज खरंच वाचला होता. त्या सगळ्या वर्षात तो पूर्ण वाचणारा तो एकटा माणूस. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. बाबा आधी बसेनात; साहेबांपुढे खुर्चीवर बसायची त्यांना सवय नव्हती. "बसा, बसा, तुम्ही तक्रारदाराचे वडील आहात," लोकपाल म्हणाले, तेव्हा बाबा कडेला टेकले आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं काम.

लोकपालांनी सरांना विचारलं, "हजेरीपत्रकाची ही प्रत खरी आहे का?"

"मूळ पत्रक पाहावं लागेल, सर."

"आणलं आहे?"

सरांना आणावं लागलं होतं, नोटिशीत तसं लिहिलं होतं. लोकपालांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे मुलगी परीक्षेला होती." विद्यापीठाकडून आलेला परीक्षा विभागाचा अधिकारी म्हणाला, पोर्टलच्या तांत्रिक कारणामुळे गुण चढले नाहीत. त्या क्षणी मी जिंकले होते. तेवढ्यावर थांबलं असतं तर.

"आता एक सांगा," लोकपाल माझ्याकडे वळले. "तुमचा नंबर तळाशी कुणी लिहिला? आणि विभागातल्या या कागदाची प्रत तुम्हाला कुणी दिली?"

त्यांचा आवाज चांगला होता. ओरडून विचारलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. सर पहिल्यांदाच माझ्याकडे थेट बघत होते. मला म्हणता आलं असतं की सांगू शकत नाही. मला असंही म्हणता आलं असतं की बॅच बदला असं आम्हाला या सरांनीच सांगितलं, त्यांना विचारा. ते मी अर्जात लिहिलंच होतं, पण त्याचा कागद नव्हता. कागद फक्त काकांच्या अक्षराचा होता. बाबांनी हळूच मान हलवली, म्हणजे सांग. आणि एम.एस्सी.च्या पहिल्या यादीला थोडेच दिवस उरले होते.

मी काकांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. ते साक्षीला येतील असंही वर सांगितलं. माझ्या डोक्यात ते साक्षीदार होते. बाईंनी ते नाव टाइप केलं.

आदेश आला तेव्हा बाबांनी तो विहारात चार माणसांना वाचून दाखवला. त्यात दोन मुद्दे होते. पहिला: तक्रारदार विद्यार्थिनी परीक्षेस हजर होती हे सिद्ध झाले असून तिचे गुण नोंदवून सुधारित गुणपत्रिका देण्यात यावी. दुसरा: परवानगीशिवाय बॅच बदलून देणे व विभागाचा अभिलेख बाहेर देणे या गंभीर अनियमितता असून संबंधितांविरुद्ध महाविद्यालयाने योग्य ती कारवाई करावी. बाबांनी दुसरा मुद्दाही त्याच खणखणीत आवाजात वाचला. त्यांना वाटलं, 'संबंधित' म्हणजे सर. मी त्यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या मुद्द्याची अंमलबजावणी त्याच आठवड्यात झाली. त्याला पोर्टल लागत नव्हतं. ठेक्यावरच्या माणसाला नोटीस नाही, चौकशी नाही, समिती नाही. उद्यापासून येऊ नका म्हटलं की झालं. काकांना दिलेल्या पत्रावर विभागप्रमुख सरांची सही होती. इतक्या झपाट्याने त्यांनी सही केलेला दुसरा कागद मी पाहिलेला नाही.

पहिल्या मुद्द्याला मात्र सगळं लागलं. परीक्षा विभागाने कॉलेजला पत्र लिहिलं, कॉलेजने उत्तर दिलं, उत्तरात आदेशाचा क्रमांक चुकला, पुन्हा पत्र गेलं. एम.एस्सी.ची पहिली यादी लागली, त्यात माझं नाव होतं. पण मूळ गुणपत्रिका दाखवायच्या दिवशी माझ्याकडे 'गैरहजर' लिहिलेलीच होती. मी लोकपालांचा आदेश पुढे केला. प्रवेशाच्या टेबलावरचे सर चांगले होते बिचारे. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बेटा, हा आदेश आहे. मला गुणपत्रिका पाहिजे." दुसरी यादी झाली, तिसरी झाली. पोळा उलटून गेला तेव्हा आसगावच्या बसथांब्यावर मला बाबूंचा फोन आला: या, तुमची गुणपत्रिका आली आहे. तोवर प्रवेश बंद झाले होते. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केलाच नाही. त्या वर्षात घरी जे व्हायचं ते झालं. आता मी माझ्या सासरच्या गावी दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते. बाबांच्या पिशवीत तो आदेश अजून आहे, आणि ते अजून म्हणतात की आपण जिंकलो.

गुणपत्रिका मिळाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी काकांकडे गेले. कशासाठी गेले हे मला नीट सांगता येणार नाही. माफी मागायची होती, पण ती मागितली असती तर त्यांनी माफ केलं असतं, आणि तेच मला नको होतं. पुनर्वसनाच्या गावात घरं एका मापाची, रस्ते सरळ, आणि झाडं अजून खांद्याएवढीच. काका ओसरीत बसून मासोळीचं जाळं दुरुस्त करत होते. धरणाच्या पाण्यावर जायला लागलो आहे, म्हणाले. काकूंनी मला ओळखलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

मी गुणपत्रिका पुढे केली. काकांनी हात धोतराला पुसले, ती घेतली, बोट खाली नेत नेत प्रात्यक्षिकाच्या ओळीवर थांबवलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "येवढेच देल्ले होते त्या परीक्षकांनं. मले ध्यानात हाये."

मग ती त्यांनी परत दिली आणि म्हणाले, "आता तुह्या त्या साहेबाले माह्यासाठी एक अर्ज लिहून दे. तुले चांगलं लिवता येते. त्यानं तुह्यं आयकलं, तं माह्यंबी आयकन. कसं म्हणतं?"

मी त्यांना सांगितलं, की लोकपालांकडे फक्त विद्यार्थ्यांना जाता येतं. कॉलेजात काम करणाऱ्या माणसाची तक्रार ते घेत नाहीत. ठेक्यावरच्या माणसाची कोण घेतं, ते मला माहीत नव्हतं. हे सांगताना माझा आवाज अगदी त्या खिडकीतल्या मॅडमसारखा निघाला, आणि ते मला ऐकू आलं.

"असं हाये का," काका म्हणाले. थोडा वेळ त्यांनी जाळ्यातला दोरा ओढून पाहिला. मग दाराकडे वळून काकूंना म्हणाले, "पोरीले चाय ठेव. बसनं आली हाये."

काकू आत गेल्या. चहा आला तो मी प्यायले, कारण नको म्हणायला मला तोंड नव्हतं.